राजधानींत मातापित्यांच्या संगतीनें
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं सायंकाळच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत आजच्या व्याख्यानाचा विषय 'कुटुंबधर्म' असा दिलेला आहे. विषय सागरासारखा विस्तीर्ण आणि आम्हांस दिलेला अवधि अर्ध्या तासाचा. यास्तव त्यांतील एकच लहानशी गोष्ट आम्ही आपल्यापुढें मांडणार आहों. मुलें कर्तींसवरतीं झालीं म्हणजे त्यांनीं आपल्या आईबापांस बरोबर घेऊन देशाची राजधानी पाहावयास जावें कीं नाहीं, आणि जावयाचें तर कोणत्या रीतीनें जावें, हा तो प्रश्न होय.

कोणी म्हणतील, सहलीचा विषय महोत्सवाच्या व्यासपीठावर कशाला? आम्हांस तसें वाटत नाहीं. चौथी आज्ञा आपण सर्वांनीं बालपणीं पाठ केली. परंतु मोठेपणीं तिचा अर्थ आपण औषधपाणी, दोन वेळचें अन्न आणि सणाला नवें वस्त्र एवढ्यावर आणून ठेविला आहे. हें सर्व द्यावयासच पाहिजे. पण हा झाला पोषणाचा भाग. सन्मान त्याहून निराळा. आपल्या वेळेंतील उत्तम वेळ आईबापांस देणें, त्यांची आवड विचारणें आणि त्यांच्या पावलांनीं चालणें, यांत सन्मान आहे. त्याची खरी कसोटी घरच्या ओटीवर लागत नाहीं. ती परक्या शहरांत, गर्दींत, उन्हांत आणि थकव्यांत लागते.

'अजून दिल्ली दूर आहे' असें आपण नित्य बोलतों. हें वचन दिल्लीचेंच आहे. आख्यायिका अशी कीं, सुलतान गियासुद्दीन तुघलक याचें हजरत निजामुद्दीन औलिया या सत्पुरुषाशीं वांकडें आलें होतें. बंगालच्या स्वारीहून परततांना, आपण येण्यापूर्वीं शहर सोडून जावें, असा निरोप सुलतानानें त्यांस धाडिला. त्यावर, दिल्ली अजून दूर आहे, एवढेंच उत्तर त्या सत्पुरुषानें दिलें. सन १३२५ मध्यें सुलतान राजधानीच्या अगदीं समीप आला. तेथें त्याच्या स्वागतार्थ त्याच्याच मुलानें उभारविलेला लांकडी मंडप कोसळून तो ठार झाला. तो अपघात होता कीं घात, याविषयीं इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. तुघलकाबादच्या ओसाड किल्ल्यासमोर त्या सुलतानाची कबर आजही पाहावयास मिळते.

आपल्या घरोघरीं हेंच वचन निराळ्या अर्थानें चालू आहे. घराचें कर्ज फिटूं दे, धाकटीचें लग्न उरकूं दे, साहेबाकडून रजा मिळूं दे, मग आईला दिल्ली दाखवूं, असें आपण म्हणतों. वस्तुतः दिल्ली आतां दूर राहिलेली नाहीं. मुंबईहून रेल्वेनें तिचें अंतर सुमारें १,४०० किलोमीटर आहे. १९७२ सालीं मुंबईची राजधानी एक्सप्रेस सुरू झाल्यापासून सायंकाळीं गाडींत बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं दिल्लीस उतरतो. दूर जातात ते आईबापांचे गुडघे. बापाच्या अंगांत बळ होतें तेव्हां मुलाच्या हातीं पैसा नव्हता. मुलाच्या हातीं मुबलक पैसा येईल तेव्हां बापाच्या अंगांत बळ नसेल. या दोहोंच्या मध्यें, पैसा आणि बळ जेथें एकत्र भेटतात अशीं, फार तर पांचदहा वर्षें देव देतो. तेवढीं हातचीं गेलीं म्हणजे मागाहून कितीही द्रव्य खर्चिलें तरी तीं परत येत नाहींत.

गेल्या फेब्रुवारींत आम्हांस चार दिवस दिल्लींत राहण्याचा योग आला. त्याच दिवसांत आमच्या धर्मग्रामांतील एक वृद्ध बागायतदार तेथें आपल्या कन्येकडे आले होते. कन्या तेथील एका रुग्णालयांत परिचारिकेच्या नोकरीस आहे. दोघांच्या आग्रहावरून आम्ही त्यांच्याबरोबर हिंडलों, आणि दोघांच्या अनुमतीनें हें येथें सांगत आहों. नांवांचें प्रयोजन नाहीं. असा बाप आणि अशी लेक आपल्यांतील कितीतरी घरांत आहेत.

कन्येनें मोठ्या हौसेनें रजा घेतली होती. पहिल्या दिवसाच्या तिच्या कागदावर आठ स्थळें लिहिलेलीं होतीं. सकाळीं लाल किल्ला झाला, मग चांदणी चौक, मग जामा मशीद. शहाजहान बादशहानें किल्ला १६४८ सालीं पुरा केला आणि मशीद १६५६ सालीं, असें वाचून दाखवीत ती पुढें चाले आणि वडील मागून येत. मशिदीच्या उंच पायऱ्यांपाशीं ते थांबले व म्हणाले, "बाय, तूं बघून ये. मी इथं बसतो." कन्येचें तोंड उतरलें. बसूनच राहायचं होतं तर एवढ्या लांब आलात कशाला, असें ती बोलून गेली. वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. कागदावरचीं आठही स्थळें त्या दिवशीं कशींबशीं उरकलीं. मात्र रात्रीं जेवतांना दोघें एकमेकांशीं चार शब्दही बोललीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलीनें एक शहाणपणाची गोष्ट केली. कागद घरीं ठेविला आणि वडिलांना विचारलें, "पपा, तुम्हांला काय बघायचं आहे?" त्यांनीं थोडा विचार केला आणि म्हटलें, "एवढ्या माणसांना पूर्वी पाणी कुठून मिळायचं, ते दाखव."

ती त्यांना कॅनॉट प्लेसजवळच्या अग्रसेनच्या बावडीवर घेऊन गेली. ही दगडी पायविहीर सुमारें ६० मीटर लांब व १५ मीटर रुंद असून तिच्या शंभरांवर पायऱ्या खालीं उतरत गेल्या आहेत. दोन्ही अंगांस भिंतींत कमानींचे कोनाडे आहेत. आजूबाजूला उंच इमारती आणि मध्यें ही जुनी, बहुतेक कोरडी पडलेली विहीर. म्हातारबाबा वरच्या पायरीवर बसले ते तासभर उठले नाहींत. आधीं त्यांनीं दगडांची बांधणी निरखिली. मग घरच्या विहिरीची गोष्ट निघाली. रहाटाला मडकीं कशीं बांधीत, बैल कोठें आपण होऊन थांबे, केळींना आणि पानवेलींना पाणी कसें फिरवीत, आणि पुढें विहिरीचें पाणी मचूळ झालें तेव्हां वेली कशा जळाल्या, हें सर्व त्यांनीं सांगितलें. बोलतां बोलतां असेंही निघालें कीं, वयाच्या बाराव्या वर्षीं बाप वारल्यावर ते शाळा सोडून त्याच रहाटावर बैलामागें फिरूं लागले, आणि आपली पाटी त्यांनीं धाकट्या भावास देऊन टाकिली.

नोकरीनिमित्त घर सोडीपर्यंत एकाच छपराखालीं वाढलेल्या त्या मुलीस ही गोष्ट ठाऊक नव्हती. पपांना अभ्यासाची गोडीच नव्हती, अशी तिची आजवर समजूत होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली.

ही गोष्ट घरीं कां निघाली नसावी? कारण घरीं प्रत्येकाच्या मागें काम असतें. बापलेकांचें बोलणें भाजीचा भाव, विजेचें बिल आणि डॉक्टरची चिठ्ठी यांपलीकडे जात नाहीं. परक्या शहरांत, जेथें दोघांनाही कोणतें काम नाहीं आणि जेथें एखादा दगड, एखादें झाड, एखादी विहीर जुनी आठवण जागी करते, तेथें म्हातारीं माणसें मोकळेपणानें बोलूं लागतात. राजधानींतील स्थळें पाहावयाचीं तीं या निमित्तासाठींही पाहावयाचीं. आणि जो मुलगा घड्याळ हातीं घेऊन आईबापांस एका दारांतून दुसऱ्या दारांत नेतो, त्याला किल्ले दिसतील. पण आईबाप काय सांगणार होते तें कळणार नाहीं.

एक गोष्ट आपण विसरतों. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेंत एकेकाळीं आपण बापाचें बोट धरून चाललों. आपण प्रत्येक फुग्यापाशीं थांबलों, रडलों, पाय दुखतात म्हणून खांद्यावर बसलों. आणि बापानें तें सोसलें. प्रभु येशू बारा वर्षांचा असतां पवित्र कुटुंब सणासाठीं यरुशलेमेस गेलें, तेव्हां परततांना तो मागें राहिला. मारिया आणि योसेफ शोधीत माघारीं गेलीं आणि तिसऱ्या दिवशीं तो त्यांना मंदिरांत सांपडला. गर्दींत मूल दिसेनासें झालें म्हणजे आईबापांचें काय होतें, हें त्या प्रसंगावरून आपणांस ठाऊक आहे. आतां चांदणी चौकाच्या गर्दींत बोट धरण्याची पाळी आपली आहे. फरक इतकाच कीं, मूल थकलें म्हणजे रडून सांगतें. वृद्ध मनुष्य थकला म्हणजे, 'तूं बघून ये, मी इथं बसतो' असें म्हणतो. तें वाक्य ऐकलें कीं आपणही बसावें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही तिघें हुमायून बादशहाची कबर पाहावयास गेलों. हुमायून १५५६ सालीं वारला. त्याच्या मागें त्याची विधवा हाजी बेगम हिनें तांबड्या दगडाची व पांढऱ्या संगमरवरी घुमटाची ही भव्य वास्तु उभारविली. १९९३ सालापासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आहे. या हुमायूनविषयीं त्याची बहीण गुलबदन बेगम हिनें आपल्या ग्रंथांत एक प्रसंग लिहून ठेविला आहे. सन १५३० मध्यें तो आजारी पडून अत्यवस्थ झाला, तेव्हां त्याचा बाप बाबर यानें त्याच्या शय्येभोंवतीं प्रदक्षिणा घातल्या आणि मुलाच्या जिवाच्या मोबदल्यांत आपला जीव देऊं केला. मुलगा बरा झाला. बाबर त्याच वर्षाच्या अखेरीस वारला.

त्याच घराण्याच्या पुढील पिढ्यांत काय घडलें, तेंही दिल्ली सांगते. ज्या शहाजहानानें लाल किल्ला बांधिला, त्याला त्याच्या मुलानें, औरंगजेबानें, १६५८ सालीं आग्र्याच्या किल्ल्यांत अटकेंत ठेविलें, आणि १६६६ सालीं मृत्यु येईपर्यंत बाप तेथेंच राहिला. परंतु त्या बंदिवासांत त्याची थोरली कन्या जहानआरा त्याच्याबरोबर राहिली. दिल्लीच्या चांदणी चौकाची आंखणी हिचीच. हिच्या हातीं संपत्ति होती, मान होता. तरी आठ वर्षें तिनें बापाच्या सोबतीस दिलीं. हुमायूनच्या कबरीपासून जवळच, निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारांत, तिची कबर आहे. तिच्यावर छप्पर नाहीं. भोंवतीं संगमरवरी जाळी आणि वर मोकळ्या आकाशाखालीं गवत, इतकेंच. म्हातारबाबांनीं त्या जाळीपाशीं टोपी काढून हातांत घेतली.

याच दिल्लीशीं एका मराठी मायलेकांची कथाही जडलेली आहे. १६८९ सालीं रायगड पडला, तेव्हां संभाजी महाराजांची राणी येसूबाई आणि बाल शाहू मोंगलांच्या हातीं सांपडलीं. १७०७ सालीं औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूची सुटका झाली, परंतु आईस ओलीस ठेवून घेण्यांत आलें. पुढें १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून परतले ते चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि त्यांबरोबर येसूबाईस घेऊन आले. इतिहासाच्या पुस्तकांत सनदांचा विस्तार पानोपानीं असतो. आई घरीं आली ही गोष्ट एका ओळींत संपते. छत्रपतीच्या गादीवर बसलेल्या मुलास आईच्या भेटीसाठीं बारा वर्षें वाट पाहावी लागली. आपणांस केवळ रजेचा अर्ज लिहावयाचा आहे.

चौथा दिवस रविवारचा. गोल डाकखान्याजवळ सेक्रेड हार्ट कॅथेड्रल आहे. हेन्री मेड नांवाच्या वास्तुशास्त्रज्ञानें त्याचा आराखडा केला. तेथें पवित्र मिस्सा ऐकून आम्ही नव्या दिल्लीच्या रुंद रस्त्यांनीं इंडिया गेटकडे गेलों. कलकत्त्याहून राजधानी हलविण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजीं दिल्लीच्या दरबारांत झाली आणि नव्या नगराचें उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्यें झालें. पूर्वीं राजपथ म्हणून ओळखला जाणारा मार्ग २०२२ सालापासून कर्तव्यपथ या नांवानें ओळखला जातो. इंडिया गेट ४२ मीटर उंच असून पहिल्या महायुद्धांत व तिसऱ्या अफगाण युद्धांत पडलेल्या सैनिकांचें तें स्मारक आहे. त्याच्या दगडावर १३,००० हून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. शेजारींच २०१९ सालीं उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामीं आलेल्या २५,००० हून अधिक जवानांचीं नांवें आहेत. म्हातारबाबा चष्मा लावून एकेक नांव सावकाश वाचूं लागले. या दर खेपेस कन्येनें, चला, असें म्हटलें नाहीं. त्या भिंतींवरील किती नांवांच्या मागें असे आईबाप असतील कीं ज्यांचीं मुलें त्यांना कोठेंच घेऊन जाऊं शकलीं नाहींत! ज्यांना देवानें ती संधि दिली आहे त्यांनीं ती दवडूं नये, हें त्या भिंतींसमोर जितकें उमगतें तितकें आमच्या प्रवचनानें उमगणार नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. तरुणांनो, आईबापांना दिल्लीस नेणें तें डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यांत किंवा मेच्या उन्हाळ्यांत नेऊं नका, फेब्रुवारी उत्तम. सकाळीं एक स्थळ, सायंकाळीं एक स्थळ, याहून अधिक ठेवूं नका. लाल किल्ला सोमवारीं बंद असतो, हें लक्षांत ठेवा. भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर वर-खालीं जाण्यास पाळणे आहेत. जिन्यापेक्षां ते शोधा. कुतुबमिनार ७२ मीटरांहून उंच असून त्याला ३७९ पायऱ्या आहेत, परंतु १९८१ च्या डिसेंबरांत आंतील जिन्यांत चेंगराचेंगरी होऊन शाळकरी मुलांसह अनेक जण दगावले, तेव्हांपासून कोणासही वर जाऊं देत नाहींत. तेथें तरुण आणि वृद्ध दोघांनींही खालूनच मान वर करून पाहावयाचें. दिवसाचा आरंभ वडिलांच्या इच्छेनें करा. त्यांना परक्या गांवचें जेवण रुचलें नाहीं, त्यांनीं एकच प्रश्न तीनदां विचारला, त्यांनीं वाटेंत कोणा अनोळखी माळ्याशीं रोपांविषयीं बोलत वेळ घालविला, तर चारचौघांत त्यांना टोकूं नका. घरीं ऐकलेला कठोर शब्द वृद्ध मनुष्य गिळतो. परक्या गांवीं तो एकाकी होतो.

आणि वडीलधाऱ्या मंडळींनो, आपणांसही एक विनंती. मुलगा तिकिटें काढून आणतो तेव्हां, 'कशाला एवढा खर्च, माझं आतां काय पाहायचं राहिलं आहे', असें म्हणून त्याचा हात मागें सारूं नका. चहाच्या प्रत्येक पेल्याची किंमत विचारूं नका. आपण जन्मभर दिलें, म्हणून घेणें आपणांस जड जातें, हें आम्ही जाणतों. परंतु मुलांना देण्याचा आनंद मिळूं देणें हेंही आईबापांचेंच देणें आहे. पाय दुखले तर दुखतात असें स्पष्ट सांगा. आणि जुन्या गोष्टी सांगा. त्या आपल्याबरोबर जाऊं नयेत.

कोणी म्हणतील, फादर, आमची ऐपत दिल्लीची नाहीं. त्यांना आमचें उत्तर असें कीं, एक जुनी राजधानी आपल्या दारांतच आहे. १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आलेली वसई पुढें त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेईपर्यंत तो मान तिच्याकडे होता. त्या किल्ल्यांतील पडक्या मंदिरांच्या भिंती आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत, पण आईबापांच्या शेजारीं तेथें तासभर बसून किती जणांनीं पाहिल्या आहेत? आपल्या आजोबापणजोबांनीं त्या भिंतींविषयीं काय सांगितलें, हें विचारण्यास रेल्वेचें तिकीट लागत नाहीं. आणि ज्यांचे आईबाप देवाघरीं गेले आहेत, त्यांनीं गल्लींतील एखाद्या एकट्या पडलेल्या वृद्धास बरोबर न्यावें. त्या वृद्धाजवळही सांगण्यासारखें पुष्कळ असतें आणि ऐकणारें कोणी नसतें.

महोत्सवाचे दिवस संपले म्हणजे मांडव उतरेल आणि आपण आपापल्या कामास लागूं. त्यापूर्वीं आज रात्रीं जेवतांना प्रत्येकानें आपल्या आईला किंवा वडिलांना एवढेंच विचारावें: तुम्हांला काय पाहावयाचें आहे? उत्तर येण्यास कदाचित् वेळ लागेल, कारण हा प्रश्न त्यांना पुष्कळ वर्षांत कोणीं विचारलेला नसेल. तोंवर थांबावें.

परमेश्वर आपणां सर्वांच्या कुटुंबांस आशीर्वाद देवो.